गुणामागे सव्वादोन मिनिटं

पहाटे 5.30

चहा उकळेपर्यंत दहावीच्या इंग्रजी उताऱ्यावरून शेवटचा हात फिरवायचा. उतारा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर आहे, दीडशे शब्दांचा, मीच लिहिलेला. तयार उताऱ्यांना काही तोटा नाही. गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, मागच्या वर्षांच्या कृतिपत्रिका, मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ, सगळा ढीग घरात पडलाय. पण जानेवारी संपत आला की त्यातले बरेचसे मुलांच्या नजरेखालून गेलेले असतात, आणि एकदा नजरेखालून गेला की तो उतारा 'अनसीन' कसला? शिवाय मधमाश्या, वेळेचं महत्त्व, झाडे लावा आणि प्रामाणिक लाकूडतोड्या यांचा आता मलाच कंटाळा आलाय.

कोटणीस आमच्या सोलापूरचे. 1910 साली इथे जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात गेले. बाकीचे चौघे परतले, हे परतले नाहीत. चिनी शिकले, तिथल्याच गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. भैय्या चौकाजवळचं त्यांचं स्मारक वर्गातल्या निम्म्या मुलांनी येता-जाता पाहिलेलं आहे.

रात्री लिहिलेल्या उताऱ्यात एक वाक्य होतं: रुग्णांशी बोलता यावं म्हणून ते चिनी शिकले. आणि खाली प्रश्न होता, ते चिनी का शिकले? सकाळच्या डोक्याने वाचलं तेव्हा हा प्रश्नच नाही हे कळलं. मुलं 'चायनीज' हा शब्द शोधणार, सापडलेली ओळ जशीच्या तशी वहीत उतरवणार आणि एक गुण घेऊन मोकळी होणार. मग वाक्य फोडलं. एका ठिकाणी लिहिलं की रुग्णांना इंग्रजी येत नव्हतं. दोन वाक्यं सोडून लिहिलं की पुढे डॉक्टर त्यांच्याशी चिनीत बोलू लागले. 'म्हणून' हा सांधा काढून टाकला. तो आता वाचणाऱ्याने बसवायचा. उतारा अवघड करायचा म्हणजे अवघड शब्द घालायचे, असं समजणारे खूप आहेत. मला तरी सांधा काढणं जास्त कामाचं वाटतं.

चहा उतू गेला.

सकाळी 7.00

दहावीचा जादा तास. गड्ड्याची यात्रा उरकली तरी होम मैदानावरचे पाळणे अजून उभे आहेत, आणि पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे. मुलांच्या डोळ्यांत दोन्हींचा अंमल दिसतो. वर्ग निम्मा रिकामा, कारण आज या भागात पाण्याचा दिवस. सोलापुरात शाळेच्या वेळापत्रकाशेजारी नळाचं वेळापत्रकही टांगायला हवं. ज्या घरी पाणी येणार त्या घरची मुलगी जादा तासाला येत नाही. मुलगा येतो. याच्यावर बोलायला बसलं तर तास तिथेच संपेल.

ही मुलं पूर्व भागातली. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, नीलम नगर, थेट विडी घरकुलापर्यंतची. आता काही जण अक्कलकोट रस्त्याने कुंभारीच्या रे नगरातून बसने येतात. तिथे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहतेय, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. घर हललं, शाळा तीच ठेवली. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात. यांचे पणजोबा-खापरपणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथे आले. काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी उर्दू. मराठी शाळेतली, हिंदी सिनेमातली आणि पुस्तकातली. बोर्ड इंग्रजीला तृतीय भाषा म्हणतं. या पोरांच्या हिशेबात ती चौथी, कधी पाचवी.

पेपर 80 गुणांचा, 20 गुण शाळेकडे तोंडी परीक्षेला. प्रश्नपत्रिका हा शब्द 2019 च्या परीक्षेपासून मागे पडला, आता कृतिपत्रिका म्हणायचं. पुस्तकातले दोन उतारे, दहा-दहा गुणांचे. पुस्तकाबाहेरचा एक, तोही दहाचा, आणि त्याच्या जोडीला पाच गुणांचं सारांशलेखन. प्रत्येक दहा गुणी उताऱ्याखाली पाच कृती, ए-वन ते ए-फाइव्ह, प्रत्येकी दोन गुण. ए-वन सोपी असते, चूक की बरोबर किंवा जोड्या. ए-टूमध्ये जरा डोकं लागतं. ए-थ्री शब्दांची, ए-फोर व्याकरणाची, आणि ए-फाइव्हमध्ये तुमचं मत विचारतात. सगळे उतारे नि सारांश मिळून 35 गुण होतात. पास व्हायलाही शंभरात 35 लागतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण फळ्यावर मी तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कारण मागच्या बाकावरची मंडळी त्या आकड्याकडे बघून सरळ बसतात.

वेळेचं गणितही तिथेच मांडलंय. 180 मिनिटं, 80 गुण. गुणामागे सव्वादोन मिनिटं. दहा गुणांच्या उताऱ्याला साडेबावीस. अलीकडे बोर्ड शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, ती हिशेबात धरायची नाहीत. ती नावनिशी आणि पुरवणीची दोरी बांधण्यात जातात.

"पेन खाली. हात मांडीवर. मनात वाचा."

हे तिसरं वाक्य बोलायला सोपं आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. आमच्या वेळी पाचवीत 'ए' गिरवला होता. म्हणजे ही मुलं आमच्याहून चार वर्षं जास्त इंग्रजी शिकलेली आहेत. पण त्या वर्षांतलं बहुतेक वाचन एका सुरात, बाई म्हणतील त्यामागून, मोठ्यांदा झालेलं. मनात वाचायला त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून दहावीतही ओठ हलतात, बोट ओळीखालून सरकतं, आणि शब्द अडला की बोट तिथेच थांबतं. बोट पुढे सरकावं म्हणून मी बाकांमधून फिरते आणि बोटाशेजारी टकटक करते. शब्द अडला तर वाक्य संपवायचं, वाक्य अडलं तर परिच्छेद संपवायचा, हे रोज सांगावं लागतं.

पेन खाली का ठेवायला लावते ते सांगते. पेन हातात असलं की मुलं वाचत नाहीत, शोधतात. आधी प्रश्न बघायचा, त्यातला ठळक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात कुठे दिसतो ते हुडकायचं, सापडलेल्या ओळीला वेटोळं घालायचं. ही पद्धत क्लासवाल्यांनी शिकवलेली आहे, आणि खोटं कशाला बोला, ती चालते. म्हणूनच ती जात नाही.

पाच मिनिटांनी पेन उचलायची परवानगी. साडेबावीस मिनिटांचा गजर लावला.

खिडकीच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे. हुशार, चपळ, सगळ्यांच्या आधी पेपर देणारा. चूक की बरोबरच्या कृतीत एक विधान होतं की सगळे डॉक्टर भारतात परतले. त्याने बेधडक 'ट्रू' लिहिलं. उताऱ्यात ओळ होती की त्यांपैकी चार डॉक्टर भारतात परतले. 'डॉक्टर्स' सापडलं, 'रिटर्न्ड टू इंडिया' सापडलं, झालं काम.

"किती डॉक्टर गेले होते?"

"पाच."

"किती आले?"

"चार."

"मग तिकडे किती राहिले?"

त्याने पुन्हा खाली मान घातली. मिनिटभर थांबले.

"काय करलालास?"

"शोधलालोय की मॅडम. नाहीये त्यात."

पाचातून चार वजा करायला त्याला एरवी अर्धा क्षण लागत नाही, गणितात तो वर्गात पुढे आहे. पण हा इंग्रजीचा पेपर होता, आणि इंग्रजीच्या पेपरात उत्तर हे छापलेलंच असतं अशी त्याची पक्की धारणा. वर्ग हसला. मी हसले नाही, कारण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनीही तेच लिहिलं होतं.

सकाळी 8.45

वह्या गोळा. घरी जाऊन यायचं, डबा भरायचा, आंघोळीला निघालेल्या नवऱ्याकडून बादली परत मिळवायची. यात सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी 10.15

शाळेत लवकर येऊन जादा तासाच्या वह्या तपासते, कारण गरम गरम तपासल्या तरच उपयोग. पूर्वपरीक्षेचे गठ्ठे असे तपासता येत नाहीत. तिथे नुसते गुण हाती येतात आणि ते का पडले हे विसरायला होतं.

खिडकीवाल्या मुलाला दहापैकी सात. चूक-बरोबरमध्ये दीड. ए-टूमध्ये दोन ओळी जशाच्या तशा उतरवल्या आहेत, त्यांत उत्तर आहे आणि उत्तराबरोबर नको ते अर्धं वाक्यही आहे. दोन गुण द्यावे लागतात. शब्दांत एक. व्याकरणात पूर्ण दोन, कर्तरीचं कर्मणी करायला उतारा कळावा लागत नाही. ए-फाइव्हला, म्हणजे तुम्ही असे घर सोडून गेला असता का, या कृतीला त्याने उताऱ्यातलंच पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं. त्याला अर्धा. बेरीज सात.

दुसरी वही तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची. ती पाण्याचा दिवस असूनही आली होती, अर्धा तास उशिरा. चूक-बरोबरची चारही विधानं तिची बरोबर. कोटणीस परत का आले नाहीत, याला तिने लिहिलंय: "ही नॉट कम बॅक. पेशंट इज मेनी. डॉक्टर इज वन." व्याकरणाच्या नावाने शंख. पण उताऱ्यात हे कुठेच असं लिहिलेलं नाही. तिने तीन ठिकाणचे तुकडे जुळवून हे काढलंय. दोनापैकी एक देते, आणि तो एक देतानाही मन खातं. ए-थ्रीमध्ये अर्धा, ए-फोरमध्ये भोपळा, ए-फाइव्हला एकच ओळ, तिला अर्धा. बेरीज चार.

तर हा असा मामला आहे. ज्याला उतारा कळला नाही त्याला सात, जिला कळला तिला चार. बोर्डाचा परीक्षक गठ्ठ्यातली तिची उत्तरपत्रिका उघडेल तेव्हा त्याच्यासमोर फक्त मोडकं इंग्रजी असेल. ती काय समजून बसली आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही. आकलनाची परीक्षा म्हणून आपण जी घेतो ती निम्मी तरी लेखनाची परीक्षा असते. हे इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणी मोठ्याने म्हणत नाही.

दोघांना एका बाकावर बसवायचं ठरवलं. त्याने तिला ओळ कशी हुडकायची ते शिकवावं, तिने त्याला काय घडलं ते सांगावं.

सकाळी 11.00

प्रार्थना, प्रतिज्ञा, हजेरी.

सकाळी 11.20

दहावी, पाठ्यपुस्तकातला उतारा. 'माय इंग्लिश कोर्सबुक' मधला 'हिज फर्स्ट फ्लाइट', लिअम ओफ्लाहर्टीची गोष्ट, उडायला घाबरणारं सीगलचं पिल्लू. मी प्रश्न अर्धा विचारते तोवर उत्तर येतं. एका सुरात, न अडखळता, गाइडातल्या स्वल्पविरामासकट. हा वाचनाचा तास राहिलेलाच नाही, आठवणीचा झालाय. वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. हे वीस गुण हातात आले की मग पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याशी झगडायला मूल मोकळं होतं.

जरा गंमत करून बघितली. त्याच धड्याचा एक परिच्छेद घेतला आणि पिल्लू, आई, मासा यांच्या जागी पोहायला घाबरणारा मुलगा, मोठा भाऊ आणि संभाजी तलाव आणला. गोष्टीचा सांगाडा तोच ठेवला. वर्ग गप्प. तोच प्रश्न, फक्त 'आईने मासा जवळ का आणला नाही'च्या ऐवजी 'भावाने हात का दिला नाही'. पाठ असलेलं उत्तर तोंडाशी येत होतं आणि बसत नव्हतं. शेवटी मागून एक आवाज आला, "मुद्दाम मॅडम, त्याने स्वतः उतरावं म्हणून." मराठीत आलं. मराठीत चालेल म्हटलं.

रस्किन बाँडची 'द बॉय हू ब्रोक द बँक' ही गोष्ट मात्र कधी नीट चालून जाते. पगार वेळेवर न मिळालेल्या झाडूवाल्या पोराची कुरकूर पसरत पसरत बँक बुडाल्याची अफवा होते, ही गोष्ट पेठेत राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

दुपारी 12.40

आठवी. यांच्या बाबतीत घाई नाही, हे सुख.

दुपारी 1.30

मधली सुट्टी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, आणि वाद. गणिताचे सर दरवर्षीचा मुद्दा काढतात. "मॅडम, कशाला वाचायला लावताय? शब्द शोधा, ओळ उतरवा, पास. आधी पोरगं पास तर होऊ दे." त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. इंग्रजीत अडकलेलं मूल दहावीतच अडकतं, आणि आमच्या भागात अडकलेला मुलगा गारमेंटच्या शिलाईला बसतो, अडकलेली मुलगी घरी बसते. पस्तीसला कमी लेखायला आम्हाला परवडत नाही.

पण पस्तीसनंतर काय होतं तेही मी बघते. इथून पॉलिटेक्निकला गेलेला एक मुलगा पहिल्याच महिन्यात पेढे घेऊन आला होता. पेढे झाल्यावर म्हणाला, "मॅडम, तिथं सगळंच अनसीन आहे बे." 'बे' निसटलं म्हणून जीभ चावली त्याने. त्याच्या पुस्तकात ओळी हुडकायला खाली प्रश्नच नसतात. नुसतं पानामागून पान.

विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, क्यूआर कोड आहेत की पुस्तकात, ऐकवायचं. आहेत. आणि त्या कोडचा रस्ता आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातून गेला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ते सुरू केलं, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ऐकवण्याने उच्चार सुधारतात, कान तयार होतो. मनात वाचायची सवय मात्र कोड लावून लागत नाही. हे म्हणेपर्यंत घंटा झाली.

दुपारी 2.10

मोकळा तास. तो कधीच मोकळा नसतो. माहितीचा एक तक्ता ऑफिसला आजच हवा होता.

दुपारी 3.00

दहावी पुन्हा, सारांशलेखन. पाच गुण, उतारा आधीचाच, आणि स्वतःचं शीर्षक द्यायचं. मुलांची रीत ठरलेली. पहिली ओळ, मधली एक ओळ, शेवटची ओळ, वर शीर्षक 'डॉ. कोटणीस'. उताऱ्यातलं काय टाकायचं याचा निर्णय घ्यायचीच त्यांना भीती वाटते. छापलेलं आहे म्हणजे महत्त्वाचं आहे, अशी समजूत.

म्हणून कागद उलटे ठेवायला लावले. शेजाऱ्याला सांगा, काय होतं त्यात. ज्या भाषेत सांगायचं त्या भाषेत, पण कागद न बघता. वर्गात एकदम बाजार भरला. तेलुगू, कन्नड, दखनी, आमची सोलापुरी मराठी. मला तेलुगू कामापुरती येते. लग्न होऊन बार्शीहून इथे आले तेव्हा भाजीवालीशी बोलता बोलता शिकले. पंधरा वर्षांनी ती वर्गात उपयोगी पडतेय. एका बाकावर एक मुलगा सांगत होता: आपल्या इथला डॉक्टर होता, तिकडे लढाई होती, लोकांना बघता बघता तिकडचाच झाला, तिकडेच मेला, लहान वयात. तीस सेकंदांत सारांश. कोणती तारीख सोडायची, पथक कुणी पाठवलं हे ठेवायचं की नाही, हे सगळं त्याने बोलता बोलता ठरवूनही टाकलं होतं. "हेच लिही," म्हटलं. "एवढंच?" तो म्हणाला. एवढंच.

लिहिताना मात्र गाडी पुन्हा रुतते. बोलण्यातलं इंग्रजीत आणायला हाताशी दहा-बारा तरी साधी वाक्यं हवीत. म्हणून फळ्याच्या कडेला एक शिडी ठेवलीय: ही वॉज, ही वेंट, बट, बिकॉज, सो, अॅट लास्ट. कुणी म्हणेल हेही घोकंपट्टीच. असू दे. सुतार हातोडी घोकत नाही, पण ती हातात बसेपर्यंत ठोकत राहतो.

सकाळच्या जोडीकडे गेले. मुलगा तिला दाखवत होता, शब्दांच्या कृतीत विरुद्धार्थी विचारला असेल तर उपसर्ग बघायचा, आणि नेमका परिच्छेद दिलेला असतो तेवढ्यातच शोधायचं. त्याची ही विद्या खरीच कामाची आहे. तिची पाळी आली तेव्हा तिने त्याला विचारलं, पेशंटांना इंग्रजी येत नव्हतं असं का लिहिलंय त्यांनी? तो म्हणाला, माहिती म्हणून. ती म्हणाली, माहिती कशाला देतील उगाच, पुढे चिनी आलंय बघ. मी तिथून पुढे सरकले. माझी तिथे गरज नव्हती.

तास संपता संपता एक धोका आठवला म्हणून सांगून ठेवला. ओळखीचा विषय आला की मुलं उतारा सोडून आपल्या डोक्यातलं लिहितात. मागे सिद्धेश्वर यात्रेवर उतारा दिला होता. त्यात मुद्दाम फक्त अक्षता सोहळ्याबद्दल लिहिलं होतं, नंदीध्वज किती हे दिलंच नव्हतं. मिरवणुकीत काय काय असतं असं विचारल्यावर वर्गाने सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, शोभेचं दारूकाम, सगळं लिहून काढलं. एकूण एक खरं, आणि उताऱ्यात नसलेलं. खरं असून चुकीचं कसं, हे पोरांना पटवताना माझीच दमछाक झाली.

संध्याकाळी 5.40

आठवड्यातून एकदा घरी जाण्याआधी विडी घरकुलात थांबते. चार मुली एकीच्या घरी अभ्यासाला बसतात. त्यांतली एक ती तिसऱ्या बाकावरची. पुढच्या खोलीत तिची आई सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं घेऊन बसलेली. पान तळहातावर, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड दुमडून दोऱ्याचे दोन फेरे. नजर पानावर नसतेच. हजार विड्या पुऱ्या करून उद्या सकाळी कारखान्याच्या शाखेत द्यायच्या, तिथे खराब वळलेल्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. तपासणी इथेही आहेच.

आईने लेकीला तेलुगूत विचारलं, आज काय शिकवलं मॅडमनी? मुलीने कोटणीसांची गोष्ट सांगितली. आई कधी शाळेत गेलेली नाही. हात चालू ठेवून तिने ऐकलं आणि मधेच विचारलं, "एंदुकु राले?" का आला नाही तो परत?

हा माझा ए-टूचा प्रश्न होता, शब्दशः. मी रात्री तास घालवून काढलेला.

मुलगी बोलत सुटली. दवाखान्यात माणसं होती ना अम्मा, जखमी. दुसरे डॉक्टर निघून गेले. हा पण आला असता तर त्यांना कोण बघणार? आणि भाषा पण आली होती आता त्याला. बायको पण तिथलीच. आई म्हणाली, त्याच्या आईला कसं वाटलं असेल? यावर उताऱ्यात काही नव्हतं, मुलगी थांबली, मग म्हणाली, वाईट वाटलं असेल, पण अभिमान पण वाटला असेल. म्हणजे ए-फाइव्हसुद्धा झाली.

"आता हे लिही," मी वही पुढे केली. शिडी डोळ्यांसमोर ठेवून तिने लिहिलं. 'बिकॉज' दोनदा आलं, एकदा बरोबर ठिकाणी. 'पेशंट इज मेनी' चं 'देअर वेअर मेनी पेशंट्स' व्हायला दोन खाडाखोडी लागल्या. सकाळी एक गुण होता, आता मी दोन दिले, आणि हात सैल न सोडता दिले. व्याकरणाच्या कृतीत मात्र ती अजून शून्यावरच आहे. त्यावर काम बाकी आहे, आणि फार दिवस हातात नाहीत.

निघताना तिच्या आईने विचारलं की पास होईल ना. चहा नको म्हटलं तर ती ऐकत नाही, तेव्हा चहा घेतला आणि होईल म्हणाले. पुढे म्हणाले, रोज तुम्हाला एक उतारा सांगू दे. तुम्ही विचारत जा मधे मधे. ती हसली, मला काय येतंय, म्हणाली.

रात्री 9.15

जेवणं झाली. उद्याचा उतारा. विषय टेरी टॉवेल, कारण ज्यांच्या घरी मागाची खट्खट् चालू असते त्यांना उभा धागा-आडवा धागा नवा नाही, त्यांच्या शब्दांच्या कृतीला जरा बळ येईल. 'वार्प' आणि 'वेफ्ट' मुद्दाम घातले. गाइडवाल्या मुलांना ते अडतील, माग असलेल्या घरची पोरं संदर्भावरून ओळखतील. जरा पक्षपात होतोय, होऊ दे. एरवीचे सगळे उतारे दुसऱ्यांच्या बाजूने पक्षपात करतात. मधमाश्यांवर वाढलेलं घर माझ्या वर्गात एकही नाही.

धोका तोच, यात्रेसारखा. पोरं घरचा टॉवेल लिहितील, उताऱ्यातला नाही. म्हणून उताऱ्यातला कारखानदार मुद्दाम असा केला की त्याने माग विकून टाकले आणि मग दोन वर्षांनी परत घेतले. का, ते लिहिलेलं नाही. तीन ठिकाणी तीन धागे सोडलेत.

रात्री 10.30

ए-वन ते ए-फोर झाल्या. ए-फाइव्हला आधी लिहिलं होतं: तुम्हाला तुमच्या आईवडिलांचा व्यवसाय करायला आवडेल का? याची उत्तरं मला आत्ताच पाठ आहेत. 'नो, आय वाँट टू बिकम अ इंजिनिअर', आणि पुढे गाइडातल्या चार ओळी. खोडलं. नवं लिहिलं: हा उतारा घरी ज्यांना सांगितला त्यांनी तुम्हाला कोणता प्रश्न विचारला, आणि तुम्ही काय उत्तर दिलं? म्हणजे उद्या उतारा घरी न्यायचा, सांगायचा आणि परवा लिहून आणायचं. दोन गुण ठेवले. जरा विचार करून ए-फोरमधला काळ बदलण्याचा एक प्रश्न काढला आणि तीन केले. मग तिसऱ्या बाकावरची ती आठवली, व्याकरणात शून्य असलेली. तो प्रश्न परत घातला. उतारा अकरा गुणांचा झाला.

उद्या कुणीतरी हात वर करणारच, बहुतेक खिडकीवाला: मॅडम, अकरा कसे? बोर्डात असं येतं का?

येत नाही, म्हणून सांगणार आहे. तरी लिही.